दाजींच्या होडीतला गारवा

अक्काचा लातूरहून फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "सुमे, दाजी गेले गं," एवढंच म्हणाली. झोपेतच गेले, हार्ट अटॅकनं. मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, नीट भाजली, गॅस बंद केला आणि मग खाली बसले... त्याला आता दीडेक महिना होत आला. रडून झालंय. आता जरा सरळ लिहिता येईल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातुरात गोलाईच्या बाजारपेठेजवळ त्यांचं कोल्ड्रिंकचं दुकान. सगळा जन्म नळाच्या पाण्याची वाट बघण्यात गेला, म्हणून की काय, दुकान मुलाच्या हाती दिल्यावर या माणसानं हैदराबादेतल्या एका हौशी गृहस्थाकडून जुनी शिडाची होडी घेतली आणि ट्रकवर लादून आमच्या नांदेडला, विष्णुपुरीच्या जलाशयात आणून सोडली. आत एक माणूस कसाबसा आडवा होईल एवढी खोली. "आता चार-चार दिवस पाण्यावरच राहणार," म्हणाले. मी म्हटलं, "राहा की! अक्काला तेवढाच आराम."

अडचण होती इन्शुलिनची. दाजींना ते रोज टोचून घ्यावं लागायचं, आणि नांदेडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं की वाया. अक्कानं बजावलं, "औषध गार राहत असंल तर जावा, न्हाई तर घरी बसा." मग दाजी फ्रिजच्या मागं लागले. बर्फाच्या पेटीचं दुपारपर्यंत पाणी व्हायचं. एक स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक डबा बघितला, तो बाहेरच्या हवेपेक्षा थोडासाच गार करणारा, म्हणजे मे महिन्यात नुसता कोमट. शेवटी बॅटरीवर चालणारा, कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज ठरला आणि छतावर सोलर पॅनल. पण दार काचेचं, समोर उघडणारं! मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. म्हटलं, "दाजी, होडी कलते."

"असू दे. गिऱ्हाइकाला माल दिसला पायजे."

कसलं गिऱ्हाईक? तिथं बगळे होते! पण जन्मभर काचेमागं बाटल्या मांडलेल्या माणसाला कोण सांगणार? फ्रिजला विभूती लावली, बेल वाहिला आणि पक्का ठोकून बसवला.

पहिल्याच फेरीत शिडात वारा भरला, होडी कलली, दार उघडलं आणि इन्शुलिनच्या बाटल्या खाली पडून फुटल्या. संध्याकाळी दाजी तोंड पाडून माझ्या दारात. अक्का फोनवर म्हणाली, "झाली हौस? विकून टाका ती होडी." दाजी त्या रात्री जेवलेही नाहीत. हे नुसतं खूळ नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मला त्यांची फार दया आली.

सकाळी मीच म्हटलं, "थंड हवा जड असते, दाजी. दार समोर असलं की गारवा खाली सांडतो, आणि होडी कलली की बाटल्याही. झाकण वर पायजे." मग तो फ्रिज बदलून वरून उघडणारी पेटी आणली. होडीच्या मधोमध, डोलकाठीच्या बुडाशी बसवली. कडी घट्ट, मागं कॉम्प्रेसरला हवा खेळायला जागा. दाजींनी आत फळी घालून दोन कप्पे केले. एकात औषध ठेवलं, दुसऱ्यात लिंबू सोड्याची बाटली.

"ही कुणाला?"

"तुझ्या अक्काला."

अक्का म्हणजे गोदावरीच्या पुलावरून जाताना डोळे मिटून घेणारी बाई. "ती काय यायची न्हाई, दाजी."

"न येऊ दे. माल तर ठेवावा लागतो ना, सुमे."

पुढं दाजी खरंच चार-चार दिवस पाण्यावर राहायला लागले. मी कधीमधी डबा घेऊन जायची. पेटी उघडून जरा उभी राहिले की ओरडायचे, "झाकण लाव! गारवा सांडायलाय!" माझंच विज्ञान माझ्यावर! पुढं लातुरात मुलाच्या दुकानात डोकावले की गिऱ्हाइकांवर आणि घरी अक्कावरही हीच ओरड सुरू झाली. अक्का वैतागायची.

परवा ती होडीतलं सामान आवरायला आली. माझा हात करकचून धरून चढली, पहिल्यांदाच. पेटी कधीच बंद पडली असेल, असं मी धरून चालले होते. पण छतावरच्या सोलरवर कॉम्प्रेसर बारीक घुमत होता. झाकण उघडलं. एका कप्प्यात औषध, दुसऱ्यात लिंबू सोडा, गारेगार. मी बघत तशीच उभी राहिले...

अक्कानं वाकून बाटली काढली, दोन्ही हातांत धरून गालाला लावली. मग पदरानं डोळे पुसत माझ्यावर खेकसली,

"झाकण लाव की गं. गारवा सांडायलाय."