खाणावळीचे भांडवल

वडील वारले तेव्हा घरात एक मोठी परात, दोन तपेली, थोडे तांदूळ आणि आम्ही दोघी उरलो. मी आणि माझी सात वर्षांची मुलगी. घर भाड्याचे. माझा नवरा त्याआधीच गेला होता. तो गेल्यावर वडिलांनी मला सासरहून, भिवंडीहून, कल्याणला आणले, आणि सासरच्यांनी मागोमाग न्हावी पाठवला तेव्हा ते काठी घेऊन दारात उभे राहिले. "मी जिवंत आहे तोवर माझ्या पोरीच्या डोक्याला वस्तरा लागायचा नाही," म्हणाले. डोक्यावर केस असलेल्या विधवेच्या हातचे पाणीसुद्धा चालत नसे. त्यामुळे पारनाक्याच्या आमच्या आळीत वडिलांना पुन्हा कोणी पंक्तीला बोलावले नाही. त्यांना चार माणसांत बसून जेवण्याची फार आवड होती. सणाच्या दिवशी शेजारच्या घरात वाढप चालू झाले की ते ओटीवरून उठून मागच्या दारी जात. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

तेराव्याला धाकटे दीर आले. बोलावलेल्या आचाऱ्याच्या हातचे जेवून, हात धुऊन, सुपारी कातरत म्हणाले, "वहिनी, मुलगी आमच्या घरची. तिचं आम्हीच बघणार. पनवेलचं एक स्थळ आहे."

"वय?"

"बिजवर आहे. चाळिशी उलटली असेल. घरचं मात्र चांगलं आहे."

मी म्हटले, मुलगी माझ्याजवळ राहील. ते हसले. "राहू दे की. पोसता येत असेल तर ठेवा. माघात येतो. तोवर तुमचं काही जमलं तर ठीक, नाहीतर घेऊन जातो." माणूस दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. दुष्ट असता तर मला भांडता तरी आले असते.

मला येत होते ते एकच, रांधणे. स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून भरलेले होते. कोणी देशावरचे, कोणी तळकोकणातले, सगळ्यांची बिऱ्हाडे गावाला. ते जिथे जेवत तिथले वरण पाण्यासारखे आणि आचारी दुपारपासून पिऊन पडलेला, असे वडील सांगत. तेही त्याच कचेरीत होते. मी ठरवले की खाणावळ काढायची. ठरवायला काय लागते? पण पाट हवेत, ताटे हवीत, महिन्याचे तांदूळ, डाळ, तेल, लाकूड हवे, आणि घरमालकाचे तुंबलेले भाडे द्यायला हवे. हातात काही नाही.

बाजारातल्या सावकाराने मला दुकानाच्या पायरीखालीच उभे केले आणि अदबीने विचारले, तारण काय? माझे दागिने भिवंडीला, दिरांच्या पेटीत. ते मागायला गेले, तर जाऊबाईंनी दारातच सांगितले की दागिने घराण्याचे असतात. त्यांच्या गळ्यात माझी पुतळ्यांची माळ होती. मी ती ओळखली हे त्यांनाही कळले, आणि त्यांनी पदर ओढून घेतला.

मग मी ठाण्याला गेले. तिथे एक वकील होते. विधवांच्या दुःस्थितीवर त्यांनी दिलेले व्याख्यान ऐकून वडील घरी डोळे पुसत आले होते. मला मोठी आशा होती. त्यांनी मला खुर्चीवर बसवले. जन्मात पहिल्यांदा मी खुर्चीवर बसत होते. सगळे नीट ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या भगिनींना पाहून अभिमान वाटतो. पण कर्ज म्हटलं की कागद आला. हमीला सही करणारा कोणी पुरुष आहे का?"

"पुरुष असता तर मी इथवर कशाला आले असते?"

त्यांना वाईट वाटले. खरेच वाटले, तोंडावर दिसत होते. उठून त्यांनी कपाटातून आपल्या व्याख्यानाची छापील प्रत काढून मला दिली. परतताना गाडीत मी ती वाचून काढली. व्याख्यान चांगले होते. दुसऱ्या दिवशी लाकडे ओली होती, तेव्हा त्याच कागदांनी मी चूल पेटवली.

पौष लागला. मुलीला काही ठाऊक नव्हते. न्हाणे झाले की ती माझ्यामागे उकिडवी बसून माझे केस विंचरायची आणि मग मी तिची वेणी घालायची. मी फक्त साधी गाठ बांधत असे. फूल नाही, काही नाही. तरी गुंता काढताना ती माझ्याशी बोलायची तसे एरवी कधी बोलत नसे. आळीत कोण काय म्हणाले, तिला कोणी खेळायला का घेत नाही, ते सारे तेव्हाच कळायचे.

अशात एके दिवशी वडिलांच्या कचेरीतले हेडक्लार्क ओटीवर आले. वयस्क गृहस्थ. मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुम्ही खाणावळ काढताय असं कानावर आलं. आमची मंडळी तयार आहेत. महिन्याचे पैसे आगाऊ देतील, सगळे मिळून. भांडीकुंडी त्यातून घ्या. व्याज नको, तारण नको."

मला रडूच कोसळायचे बाकी होते. ते मात्र उठेनात. उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"माझं स्वतःचं काही नाही हो. तुमच्या हातचं लोणचं तुमचे वडील आणायचे, ते मी खाल्लंय. पण बाकीच्यांच्या घरी आया आहेत, गावाला कळतं. स्वयंपाक सोवळ्यातला असला म्हणजे कोणाला बोलायला जागा उरत नाही."

'केस' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी म्हटले, विचार करून सांगते. विचार कसला करायचा होता? माझ्या अंगावरची तेवढीच एक वस्तू भिवंडीच्या पेटीत अडकलेली नव्हती. वडिलांनी पंक्ती गमावून जी राखली, तीच मी विकायला काढली होती. मला त्यांचा राग आला, की हे सारे माझ्यावर टाकून गेले. आणि मग त्या रागाचीच शरम वाटली.

न्हावी तोच आला, काठीने पिटाळलेला. त्याने पैसे आधी मागितले. "नंतर बाया रडत बसतात, बाय, मग द्यायचं राहूनच जातं." कारकुनांनी दिलेल्या रकमेतून मी त्याला दिले. खाणावळीच्या भांडवलातला पहिला खर्च तो. मुलीला शेजारणीकडे पाठवले होते. मागच्या अंगणात पाटावर बसले, तो म्हणेल तशी मान वळवली. वस्तरा थंड होता. मी रडले नाही. दात मात्र इतके दाबून धरले की दोन दिवस मला चावता येईना.

मुलगी परत आली ती उंबऱ्यातच थबकली. लाल आलवणाचा पदर आणि त्याखाली ते डोके. मी हाक मारली. आवाज ओळखून ती एक पाऊल पुढे आली, मग तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

खाणावळ चालली. पहिल्या दिवसापासून चालली. माघात दीर आले, तेव्हा पंगत बसली होती. मी वाढत होते. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "आता कसं, घराण्याला शोभेसं झालं." मीच त्यांना पाट दिला. माझ्या हातचे ते त्या दिवशी पहिल्यांदा जेवले, भात दोनदा मागून घेतला, आणि पनवेलच्या स्थळाचे नाव न काढता एकटेच भिवंडीला परत गेले.

म्हणजे मला जे हवे होते ते मिळाले. मुलगी माझ्याजवळ राहिली, शाळेत गेली, पुढे तिच्या वयाला साजेशा मुलाला दिली. खाणावळीत परगावचे लोक माझ्या हातचे जेवून ढेकर देत उठायचे. ती मात्र पहिले काही दिवस पानावरून तशीच उठे. मग भूक लागली तेव्हा जेवायला लागली, खाली बघून. पण विंचरायची फणी घेऊन ती पुन्हा माझ्यापुढे बसली नाही. सासरी जाईपर्यंत रोज सकाळी शेजारणीकडे जाऊन वेणी घालून यायची.