एक नंबरचा माल

नारायणगावला स्टँडजवळ सेंद्रिय मालाचं दुकान निघालं, तेव्हा आम्ही वारूळवाडीत दोन खोल्यांत राहत होतो. नवरा एस.टी.त मेकॅनिक, मी घरी ब्लाउज शिवायची, मुलगी बालवाडीत. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतणाऱ्या आमच्या भागात माणसं दुकानातून जास्त पैसे देऊन तोच टोमॅटो घेताना पाहून मला आधी हसूच आलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं विकत होतं.

मग मीही जाऊ लागले. सगळं घेणं ऐपतीत नव्हतं, आणि सगळं घ्यावं इतकी माझी श्रद्धाही नव्हती. म्हणून मी माझी एक रीत ठरवली. ज्याची साल टाकून देतो ते साधं चालेल. कांदा, केळी, वाटाणा. गूळ मात्र दुकानातलाच, काळपट, रंग उजळायची पावडर न घातलेला, कारण तो लागतो थोडाच. तांदूळ-नाचणीसाठी दुकानाची गरजच नव्हती. घोडेगावच्या बाजारात डोंगराकडच्या बायका ते घेऊन बसत. फवारण्या त्यांना परवडतच नव्हत्या, त्यामुळे त्यांचं धान्य फलक न लावताच सेंद्रिय होतं, आणि स्वस्तही. मेथी-कोथिंबीर मी मागच्या दारी फुटक्या डब्यांत लावली. नवरा म्हणाला, "आता हवा कुठल्या दुकानातून आणायची?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

राहिला टोमॅटो, आणि खरा घोळ तिथंच होता. मुलगी टोमॅटो पेरूसारखा चावून खायची, मीठ लावून, येता-जाता. आणि आमच्या घरी टोमॅटो विकतचा नव्हताच. माझा धाकटा भाऊ पिंपरी पेंढारला शेती करायचा. मार्केटला माल घेऊन आला की पिशवीभर टोमॅटो माझ्या ओट्यावर ठेवून जायचा. सगळे एकसारखे, लालभडक, देठाशी फवाऱ्याचा पांढरट डाग. तो धुऊन जायचा, तरी मला दिसत राहायचा. आमच्याकडे फवारायच्या विषाला औषध म्हणतात. मीही जन्मभर तसंच म्हणत आले होते, पण पोरीच्या तोंडाकडे पाहिलं की तो शब्द खोटा वाटायचा.

आता भावानं दिलेलं बाजूला सारून दुकानात पैसे मोजायचे कसे? माहेरची पिशवी नको म्हणणारी बाई आमच्याकडे आगाऊ ठरते. शिवाय मला भाऊ एकच. मी गुपचूप मार्ग काढला. त्याचे टोमॅटो शेजारीपाजारी वाटायचे, आणि दुकानातले पावशेर मुलीसाठी आणायचे.

हे फार दिवस झाकून राहिलं नाही. एका दुपारी भाऊ चहाला टेकला आणि त्याच्या भाचीनं दुकानाच्या कागदी पिशवीतून टोमॅटो काढून त्याच्यासमोरच चावला. त्याची आदल्या खेपेची पिशवी कोपऱ्यात तशीच बांधलेली होती.

"इकत आणलं?" त्यानं विचारलं.

"पोरगी कच्चे खाते. तुझ्या मालावर औषध असतं," मी सरळ सांगून टाकलं. लपवाछपवीचा मला कंटाळा आला होता.

तो चहा संपवून उठला. त्यानंतर त्याचा टेम्पो मार्केटला येत राहिला, पिशवी आली नाही. मला त्याचा राग आला. पोरगी माझी, तिच्या पोटात काय जावं हे मी ठरवायचं नाही तर कोणी? पण टेम्पोचा आवाज आला की हातातलं शिवण थांबायचं.

नागपंचमीला माहेरी गेले ती धाकधूक घेऊनच. सणाला आमच्याकडे काही चिरत नाहीत, म्हणून भाजी दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी भावजय चुलीपाशी होती. "वन्सं, आमचा माल कमी पडला व्हय?" एवढंच बोलली, आणि मला गोठ्यामागून चार टोमॅटो तोडून आणायला सांगितलं.

गोठ्यामागं शेणखतावर काही झाडं वेडीवाकडी पसरली होती. फळं बारकी, तडकलेली, एखाद्याला अळीचं भोक.

"हे कसले गं?" मी तिथूनच ओरडले.

"घरी खायाचं हाये ते," आतून उत्तर आलं. "त्याला औषध न्हाई मारत आमी."

मी टोमॅटो पदरात घेऊन उभी राहिले. भाऊ शेजारीच गाईची धार काढत होता. म्हटलं, "हे असताना मला ते का रे देत होतास?"

"किडकं माळवं भैनीच्या घरी कसं न्यायचं, ताई?" तो मान वर न करता म्हणाला. "दाजी काय म्हणत्याल? क्रेट भरायच्या आदी तुझ्यासाठी एक नंबरचा माल बाजूला काढायचो म्या."

मला रडू आलं. गाईच्या आडोशानं ते त्याला दिसलं नाही, ते बरं झालं.

पुढच्या खेपेला पिशवी आली. वर चार लालभडक, एकसारखे. खाली कागदात गुंडाळलेले बारके, तडकलेले.

"वरचे कशाला?" मी विचारलं.

"आसू दे. पिशवी उघडताना कुनी बघितलं तर?"

टोमॅटोपुरतं ते दुकान मी सोडलं. गोठ्यामागचे मुलगी खायची, अळीची बाजू मी कापून टाकायची. वरचे चार दारासमोरच्या टोपलीत ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. मऊ पडेपर्यंत ते तिथंच असत.