टेबलाला बांधलेली गाडी

आमच्या ग्रुपमधले किस्से घडत असतात तेव्हा निदान मला तरी हसू येत नाही. तळहाताला घाम आलेला असतो आणि माझी बायको वर्षा चहा ठेवून गेलेली असते तो गार झालेला असतो. दोन-तीन आठवडे गेले की तीच गोष्ट कुणीतरी ग्रुपवर टाकतं, बाकीचे हसऱ्या तोंडांची रांग लावतात, मग मीही एक लावतो. असं दोन वर्षांत बरंच साठलंय. त्यातले काही सांगतो.

आधी आम्ही करतो काय, ते. रविवारी सकाळी साडेसातला ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधली पंधरा-सोळा माणसं आपापल्या घरात कॉम्प्युटरसमोर बसतात. टेबलाला स्टीअरिंग घट्ट आवळलेलं, पायाखाली पेडल, कानाला हेडफोन. स्क्रीनवर सगळे एकाच ट्रॅकवर, एकाच रेसमध्ये, एकमेकांशी बोलत. याला सिम रेसिंग म्हणतात. आमच्या घरी याला ‘ते तुझं’ म्हणतात.

मी या रेसमध्ये असतोही आणि तिचा पंचही आहे. कुणी कुणाला ठोकलं, चूक कोणाची, हे रेस संपल्यावर रेकॉर्डिंग बघून मी ठरवतो. नियमही मीच लिहिलेत. अकरा पानं आहेत. मी बाळकुमला राहतो, एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज काढतो आणि स्वभावाने घाबरट आहे. घाबरट माणसाला नियम लिहायला सांगितले की अकरा पानं होतातच.

*

पहिलं पान सागरमुळे लिहावं लागलं. सागर कल्याणच्या मार्केटमध्ये फुलांचा होलसेलवाला. पहाटे माल उतरवून घरी येतो आणि अंघोळ न करता रेसला बसतो. पहिल्याच रविवारी, पहिल्याच वळणावर, दोन गाड्यांच्या मधे हा तिसरा घुसला. पाच गाड्या गवतात.

मी त्याला शांतपणे समजावलं. पहिल्या वळणावर रेस जिंकता येत नाही, फक्त हरता येते. पुढचा वळायला लागला तेव्हा आपलं पुढचं चाक त्याच्या दरवाजापर्यंत पोचलेलं नसेल तर आत घुसायचा हक्क नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“पंच, पण जागा रिकामी होती ना,” तो म्हणाला. “आपल्या शिवाजी चौकात एवढी जागा सोडली तर मागचा आई-बाप काढतो.”

मग त्याने गाडीला हॉर्न कुठे आहे ते विचारलं. स्टीअरिंगच्या एका बटणावर हॉर्न बसवून घेतला आणि पुढच्या रेसला अर्धा तास तो वाजवत होता. तो फक्त त्याच्याच हेडफोनमध्ये वाजतो, आम्हाला कुणालाच ऐकू येत नाही, हे मी त्याला रेस संपल्यावर सांगितलं.

“माहितीये,” सागर म्हणाला. “मला येतो ना ऐकू, बास.”

*

गावडे काका आले ते त्यांच्या मुलामुळे. मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेला, त्याचं स्टीअरिंग कल्याणच्या घरी टेबलाला तसंच राहिलं. काका एकतीस वर्षं घाटात बस चालवून रिटायर झालेले. म्हणाले, नुसतं धूळ खात पडलंय, मी बसू का?

पहिल्या रेसला काकांनी मागून येणाऱ्या प्रत्येकाला साइड दिली. इंडिकेटर दाखवून, गाडी कडेला घेऊन. एक पूर्ण फेरी मागे पडलेल्याने असं करावं, हा नियमच आहे. पण काका शर्यतीतल्या, त्यांच्याच नंबरसाठी झगडणाऱ्या माणसालाही वाट देत होते. मी फरक सांगितला तर म्हणाले, एवढ्या घाईने येतोय म्हणजे त्याला काहीतरी काम असेल.

पण गाडी चालवावी तर काकांनीच. बेल्जियममधल्या एका ट्रॅकवर ब्रेक कुठे मारायचा ते कळायला पाट्या लावलेल्या आहेत. काका पाट्या बघत नाहीत, झाडं बघतात. त्यांनी प्रत्येक झाडाला नाव दिलंय. “त्या चिंचेपाशी ब्रेक घ्यायचा,” असं ते आम्हाला सांगतात. बेल्जियममध्ये चिंच असते का, हे विचारायची कुणाची हिंमत झालेली नाही, कारण त्या चिंचेपाशी ब्रेक घेतला की वळण बरोबर बसतं.

ब्रेक सोडायचा कसा, हे मला त्यांनीच शिकवलं. आधी जोरात दाबायचा आणि वळता वळता हळूहळू सोडायचा, एकदम पाय काढायचा नाही. मागे उभं असलेलं पॅसेंजर पडता कामा नये. आमच्या एकाच सीटच्या रेसिंग कारमध्ये मी त्या दिवसापासून मागच्या पॅसेंजरचा विचार करून ब्रेक सोडतो आणि माझं टायमिंग दीड सेकंदाने सुधारलं.

तेव्हाच काका सहज म्हणाले, “तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर रोज गाडी चालवत असाल.”

मी “हो” म्हणालो.

ते खोटं होतं. चार वर्षांपूर्वी माजिवड्याच्या पुलाखाली पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला आणि मी त्याच्यावर जाऊन आदळलो. अंतर कमी ठेवलं होतं, चूक माझीच. मागच्या सीटवर इरा होती, माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. तिचा बेल्ट लावलेला नव्हता, तीही माझीच चूक. तिच्या कपाळाला तीन टाके पडले. तिचं रडणं थांबलं, टाके निघाले, खूणही आता केसांखाली जाते. पण मी त्यानंतर खऱ्या गाडीच्या स्टीअरिंगला हात लावलेला नाही. वर्षा चालवते, मी डावीकडे बसतो आणि उजव्या पायाने गाडीची फरशी दाबत राहतो.

ग्रुपमध्ये मात्र मी पंच. पुढच्या गाडीपासून अंतर कसं ठेवावं यावर माझं दीड पान आहे. हे त्यांना कळलं तर काय होईल, या विचाराने माझा प्रत्येक रविवार जायचा.

*

केतकी डोंबिवलीची डेंटिस्ट. आमच्यात सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात कमी बोलणारी. एकदा तिचा ब्रेक जरा उशिरा लागला आणि तिने मला मागून ढकललं. आम्ही दोघं गवतात.

नियम क्रमांक चौदा: चुकून कुणाला बाहेर घालवलं तर थांबायचं, त्याला पुढे जाऊ द्यायचं, मग आपण निघायचं. केतकी थांबली. नियम क्रमांक पंधरा: ट्रॅकवर परत येताना दुसऱ्याला धोका नाही याची खात्री करायची. मी थांबलो.

ती म्हणाली, तुम्ही जा. मी म्हणालो, तुम्ही आधी सरळ व्हा. ती म्हणाली, नियमाप्रमाणे तुम्ही आधी. मी म्हणालो, तुमची गाडी अजून आडवी आहे. तेवढ्यात बाकीचे सगळे एकदा जाऊन दुसऱ्यांदा आले. काकांनी आम्हाला बघून इंडिकेटर दिला. केतकी शेवटून दुसरी आली, मी शेवटचा. माझ्यापेक्षा आधी निघाली हे तिला आजही खटकतं.

रेस संपल्यावर ती म्हणाली, “पंच, मग तुम्ही खऱ्या रस्त्यावर काय करता हो? माजिवड्याच्या सिग्नलला?”

तिने सहजच विचारलं होतं. सगळे ऐकत होते. मी खाली वाकलो आणि नेटची वायर काढली.

*

इराची मैत्रीण घरी आली होती. मी आतल्या खोलीत प्रॅक्टिस करत होतो, हेडफोन एका कानावर. इरा बाहेर तिला सांगत होती, माझे बाबा रेसिंग करतात, त्यांनी दीड वर्षात कुणाला धक्कापण लावलेला नाही.

मैत्रीण हुशार. तिने विचारलं, मग तुला क्लासला नेहमी आईच का सोडते?

“त्यांची गाडी टेबलाला बांधलेली आहे,” इरा म्हणाली.

दोघी खूप हसल्या. मी ती प्रॅक्टिस अर्धवट सोडली आणि बराच वेळ स्क्रीनवरच्या उभ्या गाडीकडे बघत बसलो. ती चिडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

*

त्याच्या पुढच्या रविवारी माझी गाडी गोल फिरली. अशा वेळी ब्रेक दाबून जागच्या जागी थांबायचं, म्हणजे मागून येणाऱ्यांना अंदाज येतो. मोकळी जागा दिसली की निघायचं. मी ब्रेक दाबला. एक गाडी गेली. तिच्यामागची लांब होती, पण येत होती, म्हणून थांबलो. मग अजून एक दिसली.

“पंच,” सागर कानात म्हणाला, “मधून लग्नाची वरात गेली असती. बँडसकट.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. सोमवारी दुपारी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट विचारलं, “साहेब, गाडी सोडून किती वर्षं झाली?”

मी जिन्यात जाऊन बसलो. तुम्हाला कसं कळलं, म्हणालो.

“रोज चालवणारा माणूस कुठेतरी घासतोच हो. मी एकतीस वर्षांत किती आरसे मोडले. तुम्ही दीड वर्षात कुणाला शिवला नाहीत. असा माणूस एकतर देव असतो नाहीतर घाबरलेला असतो.”

मी सगळं सांगितलं. टेम्पो, बेल्ट, टाके. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की मुलगी काय म्हणते. मी म्हणालो, मी तिला कधी विचारलं नाही. काका म्हणाले, पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी येतो. ग्रुपला मात्र या रविवारी तुमचं तुम्ही सांगा.

*

ग्रुपला सांगायचं ठरवलं. रविवारी रेस सुरू व्हायच्या आधी सगळे जमले होते. मी वहीत लिहून काढलं होतं, ते वाचून दाखवलं. चार वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली. पंचपद सोडतो, असंही म्हणालो. पाच मिनिटं तरी बोललो असेन. संपवून डोळे मिटून बसलो.

कुणी काही बोलेना. हेच होणार हे मला माहीत होतं.

मग सागर म्हणाला, “पंच, माईक बंद आहे. केव्हापासून नुसते ओठ हलल्यासारखे दिसतायत कॅमेऱ्यात.”

पुन्हा वाचायची ताकद नव्हती. माईक चालू केला आणि एका दमात म्हणालो, “मी खरी गाडी चालवत नाही. भीती वाटते.”

मग केतकीचा आवाज आला. म्हणाली, तिच्याकडे येणारे अर्धे पेशंट दार उघडून परत जातात, त्यात एक पोलीस इन्स्पेक्टरही आहेत. रेस सुरू करू या का?

आणि पंचपद कुणी घेतलं नाही. अकरा पानं वाचावी लागतील म्हणाले.

*

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी नऊला काका कल्याणहून बाळकुमला आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. वर्षाने किल्ली माझ्या हातात दिली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. इरा तिच्या खोलीत होती. दार बंद होतं.

पार्किंगमध्ये आमची गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी उजवीकडे बसलो, काका डावीकडे. बेल्ट लावला. आरसे लावले, तिन्ही. परत लावले. काका म्हणाले, सावकाश, काही घाई नाही. मी गाडी सुरू केली आणि गाडीचा तो हादरा सीटमधून पाठीत आला. टेबलाला बांधलेल्या गाडीत तो येत नाही. मी गाडी बंद केली.

पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद केली. माझ्या डोळ्यांसमोर टेम्पोचा मागचा फाळका होता, त्यावरचा लाल रिफ्लेक्टरसुद्धा दिसत होता. काकांना म्हणालो, तुम्हीच बोला काहीतरी, कसं करू ते सांगा.

मी बघितलं तर काकांनी दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि कपाळावर घाम होता. गाडी जागची हललेलीसुद्धा नव्हती.

“साहेब, एक सांगू का,” ते म्हणाले. “मी या बाजूला कधी बसलेलोच नाही. पोरगा गाडी चालवायचा तर मी रिक्षाने जायचो. पायाखाली ब्रेक नसला की मला जमत नाही.”

तर असे आम्ही दोघं. भिंत समोर, गाडी बंद, काचा वर. काका म्हणाले, तुम्ही रिव्हर्स टाका, मी डोळे मिटतो. मी म्हणालो, तुम्ही डोळे मिटले तर डावीकडचा खांब कोण बघणार? वीस मिनिटं झाली असतील. वॉचमन येऊन गेला, बॅटरी उतरलीय का विचारून. धक्का देऊ का म्हणाला. आम्ही दोघंही एकदम नको म्हणालो.

मग मागचं दार उघडलं.

इरा आत आली. घरातल्याच कपड्यांवर, डोक्याला स्केटिंगचं निळं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा घट्ट लावलेला. मधोमध बसली. बेल्ट ओढला, खटकन लावला, एकदा हिसका देऊन बघितला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आरशात माझ्याकडे बघितलं.

“बाबा, चल,” ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली. रिव्हर्स टाकला. हँडब्रेक सोडला.

काका मागे वळले आणि तिला हळूच म्हणाले, “बाळा, असलं अजून एक आहे का गं घरात?”