खंडेनवमीची धार

धरमसिंगनं लावलेली धार केनवडच्या आजूबाजूच्या तांड्यांत नावाजलेली होती. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. त्याआधी माणसं आपापले कोयते घेऊन त्याच्या अंगणात येऊन बसत. तो कोणाला घाई करू देत नसे. सहाणेवर पाणी शिंपडून पातं टेकवलं की तासभर त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. ‘बायको हरवली तरी चालते, धरमसिंगचा कोयता नाही हरवाचा,’ असं लोक त्याच्या बायकोच्या, हिरीबाईच्या, तोंडावर म्हणत. तीही हसायची.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडलं जाई: विळे, कुऱ्हाड, अडकित्तासुद्धा. बोथट पातं देवीपुढं ठेवणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्या वर्षी मांडणीत एक तलवारही आली.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाव आणि तांडा मिळून नाटक करायचे. वैर असलेली दोन घरं, एकातला मुलगा, दुसऱ्यातली मुलगी. मुलीचा भाऊ मुलाला मारतो आणि मुलगी त्याच्या प्रेताशेजारी विष घेते. शेवट सगळ्यांना पाठ होता, तरी बायका दरवर्षी रडत. पत्र्याच्या तलवारींना लोक हसतात म्हणून यंदा मंगरूळपीरच्या जमशेद लोहाराकडून लोखंडी पट्टीच्या दोन तलवारी करून आणल्या होत्या. या तलवारींनी वांगंही चिरणार नाही, असं सांगून त्यानं त्या दिल्या होत्या. भावाचं काम धरमसिंगचा मुलगा बादल करायचा, म्हणून एक त्याच्या घरी होती.

धरमसिंगनं ती शेवटी सहाणेवर घेतली. नाटक त्याच्या मनातही आलं नाही. लोखंड होतं, पूजेचं होतं. त्यानं टोकापर्यंत धार लावली आणि हिरीबाईनं हळदकुंकू वाहिलं.

प्रियकराचं काम गावातल्या विनोदकडे होतं. त्याचं आणि बादलच्या बहिणीचं, शीलाचं, जमलंय हे तांड्याला ठाऊक होतं. बादलनं दोनदा त्याची गचांडी धरली होती. तालमीतही तो त्याच्या अंगावर धावून जाई, आणि बघणारे म्हणत, पोरगं काम जिवंत करतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी विनोद पडला तेव्हा टाळ्या वाजल्या. इतकं छान तो कधीच पडला नव्हता. लुगडं नेसलेला राजू मुलीचा विलाप करत त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसला, दोन ओळी म्हणाला आणि थांबला. त्याचं लुगडं गुडघ्यापाशी भिजलं होतं. टाळ्या तरी चालूच होत्या.

विनोद दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

धार मी लावली, हे धरमसिंगनं त्याच रात्री पोलिसांना सांगितलं. ते कोणालाच पटेना. बाप पोराला वाचवतोय, एवढंच सगळे म्हणाले. बादलच्या वकिलाला मात्र त्यात वाट दिसली. धारेचं मुलाला ठाऊक नव्हतं, एवढं बापानं कोर्टात ठामपणे सांगितलं तर खुनाचा आरोप टिकणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

पुढच्या पावसाळ्यात, साक्षीच्या आठवडाभर आधी, धरमसिंग तुरुंगात मुलाला भेटला. काय सांगायचं ते जाळीपलीकडून त्याला समजावू लागला. बादलनं त्याला मधेच थांबवलं.

“बा, धार मले समजली होती. वर जायच्या आधी अंगठा फिरवला होता मी.”

“मंग काहून घेतली?”

“घ्याची होती म्हून.”

घरी आल्यावर शीलानं एकच विचारलं, दादाले ठाऊक होतं का. तो नाही म्हणाला. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यातलं पाणी त्याला पिववेना.

वाशीमच्या कोर्टात वकिलानं तोच प्रश्न विचारला. हिरीबाई मागच्या बाकावर पदर मुठीत धरून बसली होती. बादल खाली बघत होता. धरमसिंगनं साक्षीच्या कठड्यावरून अंगठा फिरवला, पात्याची धार बघावी तसा.

“ठाऊक होतं, साहेब,” तो म्हणाला.

दुपारी परतीच्या एसटीत हिरीबाई त्याच्या शेजारी बसली नाही. पुढं बायकांमधे जाऊन बसली. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या वर्षी टोळी निघाली तेव्हा ती विधवा बहिणीशी जोडी लावून ट्रकमधे चढली. धरमसिंग तांड्यावर राहिला. त्याच्या अंगणात त्या दसऱ्याला कोणी कोयता घेऊन आलं नाही.