दोन रेघांचा कोलोन

लास ब्रुमासच्या कॉफी सहकारी संस्थेत विल्बर्ट दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेऊन आला, तेव्हा त्याच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्या कागदाची माहिती फक्त त्याला आणि व्यवस्थापक आबेलार्दोसाहेबांना होती. पण डोंगरातल्या गावात गुपित टिकून टिकून किती टिकणार? चुलीवरचं गुळपाणी उकळेपर्यंत. दुपारपर्यंत निवडणीच्या शेडमधल्या बायकांनाही कळलं की कागदावर एकच ओळ भरायची आहे: टंकलेखिका झेलमिरा उमान्या हिला नवं यंत्र जमेल की नाही. ‘नाही’ लिहिलं, की एकतीस वर्षं ज्या खुर्चीवर ती बसली ती राजधानीतून शिकून आलेल्या एका मुलीला जाणार, आणि झेलमिराबाई शेडमधल्या लांब टेबलाशी काळे दाणे निवडायला.

विल्बर्ट सव्वीस वर्षांचा होता. यंत्रं बसवावीत, दोन दिवस शिकवावं, पुढच्या गावाला निघावं, असं त्याचं काम. माणसांबद्दल लिहायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ.

मंगळवारी त्याने बाईंना यंत्रासमोर बसवलं. बाईंनी अंगठी काढून टेबलावर ठेवली, स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या आणि विचारलं, "काय मारू?"

"तुम्ही रोज जे मारता तेच."

शनिवारी हंगाम उघडायचा होता. त्याआधी गावोगावच्या चाळीस ठाण्यांच्या दारांवर कॉफीच्या भावाचं पत्रक लागलं पाहिजे, असा रिवाज. ठाण्यावर शेतकरी टोपल्या रिकाम्या करतात. वीस टोपल्यांचा एक फानेगा, आणि भाव फानेग्याला इतके कोलोन, म्हणजे त्या देशाचे रुपये, असा. बाईंनी तेच पत्रक घेतलं. मजकूर डाव्या हाताला ठेवला, नजर त्याच्यावर लावली आणि बोटं सोडली.

विल्बर्टला स्वतःला वाचायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या आत पान संपलं. बाईंनी एकदाही मान वर केली नव्हती. ज्याला टंकलेखन खरोखर येतं तो कागदाकडे बघत नाही, मजकुराकडे बघतो. आणि तिथेच घात झाला.

प्रिंटर किरकिरला, पान बाहेर आलं. आबेलार्दोसाहेबांनी ते उजेडात धरलं.

"काय हो झेलमिराबाई, कोलोन कुठे गेले? जिथे बघावं तिथे नुसती तिरपी रेघ. खाल्लेत की काय सगळे?"

"मी नाही खाल्ले साहेब. या पेटीने खाल्ले."

खरंच पेटीने खाल्ले होते. बाईंच्या टाइपरायटरवर कोलोनच्या चिन्हाची कळ नव्हती. कुणाच्याच यंत्रावर नसे. बाई आधी C मारत, एक घर मागे येत, त्यावर तिरपी रेघ मारत, पुन्हा मागे येत, मग कागद धरणारी गाडी अंगठ्याने केसभर अडवून दुसरी रेघ. पाच हालचाली, पण ऐकणाऱ्याला एकच ठोका वाटायचा. टाइपरायटरवर मागे आलं तरी मारलेलं अक्षर जागच्या जागी राहतं. या नव्या यंत्रात मागे येणं म्हणजे मागचं पुसून टाकणं. C गेला, पहिली रेघ गेली, शेवटची तेवढी उरली.

विल्बर्टला ओशाळल्यासारखं झालं. तो म्हणाला, "चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. हे बघा बाई, ही कळ दाबून धरा, आणि उजवीकडच्या आकड्यांवर एक, पाच, पाच." पडद्यावर रेघ मारलेला छोटा c उमटला.

बाईंनी चष्मा लावला. "ही एकच रेघ आहे."

"चालतं बाई. राजधानीत सगळे हेच वापरतात."

"एका रेघेचा सेंट असतो, बाळा. शंभरावा तुकडा. वर्षभर राबलेल्या माणसाला फानेग्याचा भाव सेंटांत सांगू?"

"कळतं लोकांना!" आबेलार्दोसाहेब म्हणाले.

"वाचता येतं त्यांना कळतं. ठाण्यावर कॉफी आणणाऱ्या तोबियासकाकांना अक्षर येत नाही. त्यांना दोन रेघांची खूण ओळखता येते आणि आकडे येतात. खूण दिसली की पुढचा आकडा आपला, हे मीच त्यांना शिकवलंय. आता साहेब, हे तुमचं पान बघा. वरती तारीख आहे, तिच्यातही तिरप्या रेघा. काका तारीख वाचून घरी जातील आणि बायकोला सांगतील, यंदा फानेग्याला अकरा कोलोन, विक गं ती गाय!"

दारातला पोत्यांचा हमाल खो खो हसला. आबेलार्दोसाहेबही हसले, पण हसता हसता त्यांनी घड्याळ पाहिलं. "शुक्रवार दुपारपर्यंत वेळ देतो. तुमचा दोन रेघांचा कोलोन या यंत्रातून निघाला, तर खुर्ची तुमची. एका रेघेवरच भागवायचं असेल, तर ते कुणालाही मारता येईल."

ते गेल्यावर बाईंनी विल्बर्टला विचारलं, "खरं सांग. आहे का हा आत कुठे?"

विल्बर्टने खरं सांगितलं. यंत्रात दोनशे छप्पन्न खुणांची जागा होती आणि ती यादी त्याला पाठ होती. तिच्यात दोन हसरी तोंडं होती, पत्त्यांतले बदाम-चौकट होते, इंग्रजांचा पौंड होता, जपानचा येन होता, स्पेनचा पेसेतासुद्धा होता. कोलोन नव्हता.

"पेसेता आहे?" बाई म्हणाल्या. "स्पेनचे मालक जाऊन दीडशेवर वर्षं झाली, आणि नाणं यंत्रात शिरून परत आलं!" हसल्या नाहीत मात्र. अंगठी बोटात घालून त्यांनी खिडकी लावून घेतली.

बुधवारी विल्बर्ट डबा घेऊन शेडच्या पायरीवर बसला. केळीच्या पानात बांधलेला भात आणि काळा घेवडा. निवडणीच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, एदुविहेस, त्याच्या शेजारी येऊन टेकली.

"तू तोच ना, ओळ लिहिणारा?"

विल्बर्टचा घास अडकला.

"पाणी पी. मी काही मारत नाही तुला. झेलमिरा चौदाव्या वर्षी माझ्या शेजारी बसायला लागली. दुपारी दाणे आणणारा पट्टा थांबला की बाकीच्या आम्ही पाय पसरायचो, आणि ही टेबलावर दाणे मांडायची. चार ओळी. हा दाणा A, हा S. ऑफिसातल्या यंत्राकडे खिडकीतून बघून बघून तिने कळा पाठ केलेल्या. आणि दाण्यांवर बोटं मारत बसायची. मुकादमीण ओरडायची, अगं कॉफी आहे ती, पियानो नाही! दोन वर्षं मारले तिने दाणे. मग ऑफिसातली जुनी बाई आजारी पडली, तेव्हाचे साहेब अडचणीत आले, आणि ही जाऊन बसली. त्याआधी खऱ्या यंत्राला हात लावलेला नव्हता."

"आणि जमलं?"

"पहिल्या दिवशी कळा जोरात दाबायच्या असतात हेच तिला माहीत नव्हतं. पान कोरं निघालं." एदुविहेस हसली, मग उठली. "ती इकडे परत आली तर आम्ही सरकून जागा देऊ. टेबलाची लाज नाही वाटत आम्हाला. पण तिला पाठवणारा तू होऊ नकोस, एवढंच."

विल्बर्ट आत आला तेव्हा बाई यंत्रासमोर नव्हत्याच. प्रिंटरजवळ स्टूल घेऊन बसल्या होत्या, आणि विल्बर्टने एकच पान पुन्हा पुन्हा काढावं म्हणून वाट बघत होत्या. त्याने काढलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. सुया कागदावर आपटायच्या, फीत सरकायची, कागदाच्या दोन्ही कडांची भोकं दातांवरून पुढे जायची.

"हाही मारतोच की," त्या शेवटी म्हणाल्या. "पेटी लिहिते आणि पुसते, पण हा नुसता मारतो. याला पुसता येतं का?"

"नाही."

"हे बाजूचं चाक कशाला?"

"कागद सरकवायला. पण चालू असताना फिरवू नका, आतले दात तुटतात."

"बंद करून फिरवलं तर?"

"तर फिरतं."

"मागेसुद्धा?"

विल्बर्टला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं: कागद मागे नेऊन त्याच अक्षरावर पुन्हा मारता येईल. चार वर्षं तो ही यंत्रं बसवत हिंडत होता. त्या चाकाला त्याने शेकडो वेळा हात लावला असेल.

गुरुवारी दिवसभर बाई दुसरं पान तयार करत होत्या. त्या पानावर शब्द एकही नव्हता. पत्रकात आता नुसता C मारला होता; या पानावर बरोबर त्याच घरात एक तिरपी रेघ, बाकी सगळी मोकळी घरं. घरं त्या पडद्यावर मोजत नव्हत्या. मूळ ओळ तोंडाने पुटपुटायच्या आणि प्रत्येक अक्षराला मोकळी कळ मारायच्या, अक्षराला एक ठोका, शब्दामधल्या जागेलाही एक. विल्बर्टने मागाहून एक ओळ पेन्सिलीने मोजून पाहिली. बेचाळीस हवी होती, बेचाळीस होती. दुसरी मोजायचं धाडस त्याला झालं नाही.

शुक्रवारी सकाळी आधी एक पान करून पाहिलं. पत्रक छापलं, प्रिंटर बंद केला, चाक मागे फिरवलं, पुन्हा चालू केला, रेघांचं पान सोडलं. सगळ्या रेघा C च्या खाली अर्ध्या ओळीवर पडल्या, पायाखाली सांडलेल्या काड्यांसारख्या.

दारातून आबेलार्दोसाहेब म्हणाले, "बारा वाजताहेत, बाई."

"अकरा वीस झालेत, साहेब. घड्याळ मलाही कळतं."

बाईंनी कडेची भोकं मोजली. पहिल्या भोकाशी नखाने खूण केली. मग चाळीस पानांची अखंड पट्टी लावली आणि पत्रकं छापून घेतली. सगळी पट्टी उचलून, पुन्हा पहिल्या पानापासून लावली, नखाची खूण दाताशी आणली, आणि श्वास धरून चाक एवढंसं पुढे केलं.

"सोड," त्या म्हणाल्या.

एव्हाना शेडमधला पट्टा थांबला होता. डोक्याला फडकी बांधलेल्या बायका खिडकीशी उभ्या होत्या, एदुविहेस सगळ्यात पुढे. प्रिंटरचं डोकं मुकाट्याने कागदावरून जायचं, काहीच नाही, काहीच नाही, आणि मग एकाएकी टक्. पुन्हा शांत. पुन्हा टक्. आणि प्रत्येक टक् C च्या बरोबर पोटातून जात होता. पहिल्या पानावर, दहाव्या पानावर, एकोणचाळिसाव्या पानावर. चाळीस पानं संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

"एकच रेघ झाली," आबेलार्दोसाहेब म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

बाईंनी पट्टी तिसऱ्यांदा लावली. खूण दाताशी आणली. या वेळी चाक आणखी एक दात पुढे. तिरपी रेघ जराशी सरकवली की तिच्याच शेजारी, तिच्याशी समांतर पडते. टाइपरायटरवर एकतीस वर्षं अंगठ्याने केलेलं काम आता चाकाच्या एका दाताने केलं.

विल्बर्टने पहिलं पान फाडून हातात घेतलं. ₡. पौंड नाही, पेसेता नाही. ज्या यंत्राला हे चिन्ह माहीतच नव्हतं, त्याच यंत्राने ते काढलं होतं. त्याने पान उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. खिडकीतून एदुविहेस म्हणाली, "आता पाय पसरायला हरकत नाही, बायांनो."

आबेलार्दोसाहेबांनी पानं स्वतः मोजून ठाण्यांवर जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हवाली केली. बाराला दहा कमी होते. जाताना बाईंची खुर्ची त्यांनी टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.

विल्बर्टने खिशातला कागद काढला. त्याला खूप लिहावंसं वाटत होतं, पण जागा एकाच ओळीची. त्याने ‘जमतं’ लिहिलं आणि सही केली.

झेलमिराबाई त्या खुर्चीवर पुढे अकरा वर्षं बसल्या. निवृत्त झाल्या तेव्हा संस्थेने विचारलं, काय हवं? त्यांनी खुर्ची मागितली.

विल्बर्ट गावोगाव फिरत राहिला. नवं यंत्र आलं की आधी तो त्यात दोन रेघा शोधायचा, मग बाकीचं. एकात चार आकडे दाबले की एक रेघ यायची, दुसऱ्यात दोन कळा दाबल्या की एक रेघ. दर वेळी तो बाईंना फोन करायचा.

"किती?" बाई विचारायच्या.

"एकच."

"बरं. लिहून ठेवते." बाईंनी त्यासाठी वही केली होती. यंत्राचं नाव, कुठली कळ, किती रेघा.

त्या शुक्रवारानंतर चौदा वर्षांनी, एका रविवारी, तो फोन न करताच आला. घराच्या ओसरीवर ती खुर्ची होती. बाईंनी त्याला तिच्यावरच बसवलं, फडक्यातून कॉफी गाळून आणली. त्याने मांडीवर घडीचा कॉम्प्युटर उघडला.

"बघा हं." त्याने दोन मारला, शून्य मारलं, A मारला, एक मारला. मग दोन कळा एकदम दाबल्या. चार अक्षरं नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी एकच खूण उभी राहिली.

बाई वाकल्या. "मोठं कर."

त्याने मोठं केलं.

"अजून."

पडदाभर ते चिन्ह पसरलं. बाईंनी बोट लावून मोजलं, एक, दोन. मग पुन्हा मोजलं. कप तसाच निवत राहिला.

"हे फक्त तुझ्या पेटीत आहे?"

"नाही बाई. आता प्रत्येक चिन्हाला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. चीनमध्ये, रशियात, कुठेही हाच."

"कुणी घातलं?"

"माहीत नाही. कुणीतरी लांबच्या देशातल्या माणसाने."

"त्याला आपण आहोत हे कसं कळलं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत जाऊन वही आणली, पण उघडली नाही. टेबलावर ठेवली आणि मारायला बसताना काढायच्या तशी अंगठी काढून तिच्यावर ठेवली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "बसू दे मला."