लायब्ररी कोणी पुसली

"कोट्यातून आत आलं की असंच होतं. हात लावतील तिथं वाटोळं."

लॅबचे सर माझ्याकडे बघून बोलले नाहीत. खिडकीकडे बघून बोलले. लॅब भरलेली होती. मागून कोणीतरी हसलं. मी एकटीच उभी होते, कारण मला उभं केलं होतं.

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला. वडील नाशिक रोडला रेल्वेत गँगमन. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून लॅब उघडली की मी आत आणि शिपाई कुलूप घेऊन आला की बाहेर. तेवढाच सरांचा पुरावा. "दिवसभर इथंच तर असते ही."

झालं होतं असं. शिकवण्यासाठी आमच्याकडे एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यावर नवा कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा, आला, म्हणून त्याची लायब्ररी पुन्हा बांधायची होती. लायब्ररी म्हणजे तयार कामांचा साठा. पडद्यावर एक अक्षर उमटवायचं तरी प्रोग्रॅम ते काम तिथून उचलतो. कोणीतरी जुनी लायब्ररी आधीच पुसली आणि नवी बांधायला घेतली. ती अर्ध्यात थांबली. जुनी गेली, नवी नाही. एकाचाही प्रोग्रॅम तयार होईना. प्रॅक्टिकल परीक्षा चार दिवसांवर.

सर म्हणाले, "दुरुस्त कर. आणि माफीनामा लिहून दे. नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही."

टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. वर्ष गेलं.

आईला सांगितलं. आई नांदगावकडची. ती म्हणाली, "तू केलंय का?"

"नाही."

"मग लिहू नको. लय सोपं हाय बोलायला, मला कळतंय. पण लिहू नको."

तरी मी माफीनामा लिहिला. लॅबमधल्या बाकावर बसून, वहीचं पान फाडून. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत आले. लिहिता लिहिता मला खरंच वाटायला लागलं, की मीच काहीतरी दाबलं असेल. आपल्याला कुठं एवढं येतं. लहानपणापासून ऐकलेलं सगळं त्या एका ओळीत उतरलं. सही बाकी होती.

पान वहीत ठेवलं आणि दुरुस्तीला बसले. कम्पायलर स्वतः चालत होता, फक्त त्याला मेमरी कमी दिलेली होती. मोठी फाइल आली की मरायचा. मेमरी वाढवली. एकेक फाइल हातानं कम्पाइल केली. तीन दिवस. दोनदा सगळं पहिल्यापासून. शेजारी कोणी बसत नव्हतं.

बांधणी आधी कुठं थांबली ते बघायला मी मशीनची नोंद उघडली. कोणी, कधी, कोणता हुकूम दिला ते त्यात उतरतं. लायब्ररी पुसल्याच्या हुकमापुढं नाव होतं ओंकारचं. वर्गातला पहिला. सरांच्या मित्राचा मुलगा.

आनंद नाही झाला. न केलेल्या गुन्ह्याची कबुली मी माझ्याच अक्षरात लिहिली होती, याची शिसारी आली. ते पान मी तिथंच फाडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररी उभी राहिली. नोंदीची प्रिंट घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी ती वाचली. दोनदा वाचली.

"चालू झालं ना? मग विषय संपव. ही नोंद काढून टाक. मुलाच्या करिअरचा प्रश्न आहे."

"आणि माफीनामा, सर?"

"तो दे. फाइलला लागतो."

मी म्हणाले, "देणार नाही. नोंदही काढणार नाही."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ द्या."

बाहेर जिन्यात बसून मी रडले. खूप रडले. मग प्रिंट जोडून प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. पोच घेतली. उत्तर आलेलं नाही.

परीक्षा झाली. सगळ्यांनी दिली, मी बांधलेल्या लायब्ररीवर. ओंकारनंही. मला बसू दिलं नाही. घरी वडील आठ दिवस बोलले नाहीत.

उद्या मी त्याच तक्रारीची प्रत घेऊन विद्यापीठात जाणार आहे. तिथं नाही ऐकलं तर मागासवर्गीयांच्या आयोगाकडे. पुढच्या वर्षी पुन्हा याच वर्गात बसेन, याच सरांसमोर. उभं केलं तर उभी राहीन. पण तेव्हा सरांना खिडकीकडे बघून बोलता येणार नाही. माझ्याकडे बघून बोलावं लागेल, आणि मी तिथल्या तिथं उत्तर देईन.