रेडिओवाली गाडी
जुना रेडिओ तापला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला बदलापुरातली माझी पहिली गाडी आठवते. मी नवा डॉक्टर होतो. उल्हासनगरच्या सिंधी दलालाने दोन वापरलेल्या गाड्या दाखवल्या, एक दोनच वर्षांची पण साधी, दुसरी म्हातारी पण रेडिओ नि चामडी गाद्यांची. “डॉक्टरसाब, नईवाली ले लो,” तो स्वतः म्हणाला. मी रेडिओवाली घेतली. एका संध्याकाळी डोंगरातल्या पाड्यावरून अडलेली बाई झोळीतून आली. तिला कल्याणला न्यायचं, तर दुपारभर गाणी ऐकून मी बॅटरी उतरवलेली. तिला खांद्यावरून आणणाऱ्यांचाच अर्धा तास गाडी ढकलण्यात गेला. बाई वाचली, मूल गेलं. आठवड्याने तिचा नवरा तांदूळ घेऊन आला. “तुमी गाडी काढलीत, डागतर, कोन काढतो?” मी तांदूळ ठेवून घेतले. बॅटरी कशानं उतरली, ते आजवर कुणाला बोललो नाही.